तंबूतला उमराव आणि उभा हुसेन

जॉन फ्रेडरिक लुईस या इंग्रज चित्रकाराचं एक मोठं जलरंगचित्र १८५६ साली लंडनच्या जुन्या जलरंग-संस्थेच्या प्रदर्शनात लागलं. विषय चौदा वर्षांपूर्वीचा होता : १८४२ साली सिनाई पर्वताच्या वाळवंटात पडलेली फिरंग्यांची छावणी. उघड्या तंबूत एक इंग्रज उमराव आरामात रेलून बसला आहे. भोवती पुस्तकं, वर्तमानपत्र, बाटल्या, कुत्रे, शिकार करून आणलेली जनावरं. तंबूशी जबल तूरचा शेख हुसेन उभा आहे. त्याची माणसं आहेत, उंट आहेत, आणि दूर डोंगरांच्या कुशीत सेंट कॅथरिनचा मठ दिसतो. हे चित्र आता अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे.

या चित्राबद्दल माझ्या मनात दोन माणसं सतत भांडतात. एक मामा, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. दुसरी त्यांची भाची, कॉलेजात इतिहास शिकवणारी. दोघं कल्पित आहेत, भांडण माझं स्वतःचं आहे. दोघांतल्या कोणालाही गप्प करणं मला जमलेलं नाही, म्हणून त्यांना इथे मोकळेपणी बोलू देते. मध्ये कुठे राहवलं नाही तर मीही बोलेन.

भाची : मामा, या चित्रासमोर मला पहिला प्रश्न पडतो तो साधा. बसलंय कोण, आणि उभं कोण आहे?

मामा : मला पडतो तो वेगळा. हा उजेड त्याने केला कसा? आधी ते तंबूचं कापड बघ. बाहेर रणरणतं ऊन आहे आणि आत जे पोचतंय ते कापडातून गाळून. जलरंगात उजेड म्हणजे कोरा ठेवलेला कागद. एकदा तिथे रंग गेला की उजेड गेला. लुईसने नुसत्या कोऱ्या कागदावर भिस्त ठेवली नाही, पांढरा रंग मिसळून अपारदर्शक थर चढवले. चायनीज व्हाइट ही ट्यूब आपल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांच्या पेटीत असते ना? विन्सर अँड न्यूटनने हा पांढरा १८३४ साली बाजारात आणला. त्याच्या जोरावर या माणसाने अगदी बारीक ब्रशने, बिंदूला बिंदू लावत, सव्वा मीटरहून रुंद कागद भरून काढला. कलासमीक्षक जॉन रस्किनने हे चित्र जगातल्या थोर चित्रांत बसवलं होतं. उंटांचे डोळे भिंगातून पाहा, असं तो प्रेक्षकांना सांगत होता.

भाची : उंटांच्या डोळ्यांपर्यंत पोचलेल्या रस्किनबद्दल मला आदर आहे. पण त्या प्रदर्शनात आलेल्या लोकांना उंटामागची माणसं कोण वाटत होती, हे मला हवंय. एडवर्ड सईद यांचं ‘ओरिएंटॅलिझम’ १९७८ साली आलं, त्याच्या मुखपृष्ठावर फ्रेंच चित्रकार झेरोमचं गारुड्याचं चित्र होतं. पाच वर्षांनी लिंडा नॉकलिन या कला-इतिहासकार बाईंनी झेरोमच्या चित्रांवर लिहिलं. त्यांचा मुद्दा मला आजही पटतो. पूर्वेच्या या चित्रांतून युरोपी माणूस गायब असतो. तो चित्राबाहेर उभा राहून पाहत असतो, आणि त्याच्या पाहण्यामुळेच सगळं इतकं निवांत, इतकं जुनाट, काळ थांबल्यासारखं दिसतं.

मामा : मग इथे तो गायब आहे का?

भाची : नाही. म्हणूनच या चित्रावर मी एवढा वेळ देते.

मामा : झेरोमला लावलेली फूटपट्टी लुईसला लावू नकोस. लुईस १८४१ साली कैरोत गेला आणि दहा वर्षं तिथे राहिला. स्थानिक वस्तीत घर घेऊन, तिथलाच पोशाख करून. कादंबरीकार थॅकरे १८४४ साली त्याच्याकडे जाऊन आला, तेव्हा लंडनचा हा देखणा, टापटिपीचा माणूस तुर्की उमरावासारखा राहताना पाहून तो चकित झाला. चार आठवड्यांत पिरॅमिड बघून परतणारा हा माणूस नव्हे. म्हणून त्याला उमरावाचा ढिलेपणा दिसला. त्या रेलून बसलेल्या अंगात ताठ असं काहीच नाही. आणि हुसेन बघ. सरळ, उंच, वजन दोन्ही पायांवर सारखं. आडव्या रेषेने भरलेल्या चित्रात उभी रेषा कुठे ठेवायची हे चित्रकार ठरवतो. नजर हुसेनवरच जाऊन थांबते. लुईसला उमरावाचा गौरव करायचा असता तर त्याने उमरावाला उभं केलं असतं.

भाची : उभं राहणं म्हणजे मान, असं चित्रकलेत असेल. व्यवहारात बसलेल्याच्या समोर उभा असतो तो कामाचा माणूस. आणि हा उमराव कोणी भटक्या हौशी नाही. फ्रेडरिक स्ट्यूअर्ट, व्हायकाउंट कॅसलरे. लंडनडेरीच्या मार्क्विसचा मुलगा, पार्लमेंटचा सभासद. त्याचा काका इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री होता, नेपोलियननंतरचा युरोप ज्यांनी वाटून दिला त्यांतला एक. पुतण्या सिनाईमार्गे सीरियाकडे निघाला होता. पुढे १८४७ साली त्याने दमास्कसपर्यंतच्या प्रवासाचं पुस्तक दोन खंडांत काढलं. आता तारखा जुळवा. १८४० च्या शरदात इंग्रजांच्या आरमाराने बैरूतवर आणि मग नोव्हेंबरात अक्कावर तोफा डागल्या. इजिप्तच्या मुहंमद अलीला सीरिया सोडावा लागला. त्यानंतर दोन वर्षांत एक इंग्रज उमराव त्याच वाटेने शिकार करत चालला आहे. तो तंबूत इतका सैल बसू शकतो, याला त्या तोफा कारण आहेत.

मामा : तोफा किनाऱ्यावर होत्या. सिनाईच्या दऱ्याखोऱ्यांत इंग्रजांचं आरमार काय कामाचं? तिथे वाट कोणाची होती ते सांग.

हा मामांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण याचं उत्तर इतिहासात नीट सापडतं. सिनाईत जाणाऱ्या युरोपी प्रवाशांना तवारा टोळ्यांच्या बदूंशिवाय पाऊल टाकता येत नसे. उंट त्यांचे, वाटाड्ये त्यांचे, पाणी कुठे आहे हे ज्ञान त्यांचं. प्रवाशांना नेण्याचा हक्क त्या टोळ्या आपसांत वाटून घेत आणि तो मोडला तर भांडणं होत. म्हणून कैरोतून निघण्यापूर्वी करार होई : इतके उंट, इतके पैसे, अमुक ठिकाणापर्यंत रक्षणाची हमी. एका टोळीची हद्द संपली की दुसरीशी बोलणी. १८३८ साली तिथे गेलेला अमेरिकन अभ्यासक एडवर्ड रॉबिन्सन याच्या प्रवासवर्णनातही या व्यवहाराचा भरपूर तपशील आहे. शेख हुसेन हा या व्यवहारातला मातबर माणूस होता. त्या तंबूशी तो आर्जव करायला उभा नाही. कॅसलरे जिवंत आणि सुखरूप पुढे जाणार की नाही, ही त्याची जबाबदारी आहे.

भाची : मान्य. त्या वाळवंटात हुसेन बलवान आहे, यावर माझा वाद नाही. पण चित्र वाळवंटात लागलं नव्हतं, लंडनमध्ये लागलं. लंडनच्या प्रेक्षकाला करार कुठे दिसतो? त्याला एक साहेब दिसतो, त्याचं सामान दिसतं आणि हजर राहिलेले अरब दिसतात.

मामा : अगं, लुईसने नाव देताना काय केलं ते विसरलीस? त्याने लांबलचक शीर्षक दिलं. त्यात मठ आहे, साल आहे, दुभाष्या महमूद आहे, जबल तूरचा शेख हुसेन आहे. कोणाचं नाव नाही? उमरावाचं! तो नुसता ‘एक इंग्रज उमराव’. एरवी अशा चित्रांत साहेब असलाच तर त्याला नाव असतं आणि बाकीचे नुसते अरब, उंटवाले, गुलाम असतात. इथे उलटं आहे. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

भाची : त्या शीर्षकाने मलाही बरंच छळलंय. पण मला ते दुसऱ्या बाजूने दिसतं. उमरावाचं नाव झाकलं, कारण उमरावांची नावं अशी प्रदर्शनात मांडायची नसतात, ती ज्यांना कळायची त्यांना कळतात. झाकलं जाणं हा त्याचा हक्क आहे. हुसेन आणि महमूद यांना तो हक्क नाही. त्यांचं नाव लिहिलं की चित्र खरं ठरतं : पाहा, ही खरी माणसं, मी त्यांना भेटलोय. साल घालणंही तसंच. चित्रकार थेम्सकाठच्या वॉल्टन गावातल्या घरी बसून रंगवतोय, आणि शीर्षक म्हणतंय १८४२.

मामा : स्केचेस तिथलीच होती. चित्रकाराला स्केच असलं की चौदा वर्षं काही नाहीत.

भाची : स्केचमधल्या रेषा तिथल्या असतील. पण काय ठेवायचं आणि काय वगळायचं हे वॉल्टनमध्ये ठरलं ना? १८५६ सालीच अलेक्झांड्रिया ते कैरो रेल्वे पूर्ण झाली, आणि दोन वर्षांत ती सुएझपर्यंत गेली. चित्र भिंतीवर लागलं त्याच वर्षी इजिप्तमध्ये आगगाडी धावत होती. चित्रात अशा कशाचीही चाहूल नाही. उंट, तंबू, मठ. वाळवंट जणू बायबलच्या काळातलंच.

मामा : सिनाईत आगगाडी नव्हती, म्हणून चित्रात नाही. तू त्याच्याकडून नसलेली गोष्ट मागतेस.

इथे मामांचं बरोबर आहे असं मला वाटतं. ज्या दरीतून रूळ गेलेच नाहीत तिथे रूळ का नाहीत, असं चित्रकाराला विचारता येत नाही. पण भाचीच्या बोलण्याचं टोक थोडं पुढे आहे, आणि ते आपल्या मुंबईपर्यंत येतं.

भाची : बरं, सिनाई बाजूला ठेवा. त्याच्या पश्चिमेला कैरो ते सुएझ हा सुमारे एकशेतीस किलोमीटरचा वाळवंटी पट्टा घ्या. १८३० साली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून निघून महिनाभराने सुएझला पोचली. त्यानंतर इंग्लंड-हिंदुस्थान टपाल आणि प्रवासी या पट्ट्यातून जाऊ लागले. वाटेत विसाव्याची ठाणी झाली. या बोटींना कोळसा लागतो म्हणून जानेवारी १८३९ मध्ये मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन घेतलं. त्या फौजेत आपल्याकडचे देशी शिपाई होते. एडनचा कारभार त्यानंतर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यातून चालला. म्हणजे इंग्रज प्रवाशाला वाळवंट निवांत वाटावं म्हणून लागणारा बंदोबस्त काही प्रमाणात आपल्या बंदरातून, आपल्या माणसांच्या जिवावर झाला. तो एकाही चित्रात नाही.

मामा : चित्रात इतिहासाचं सगळं ओझं कसं मावेल?

भाची : सगळं नको. एक माणूस मावला असता. अर्देशीर खरशेटजी वाडिया. माझगावच्या गोदीतला जहाजबांधणी करणारा अभियंता. १८३९ साली तो मुंबईहून याच सुएझ-कैरो वाटेने इंग्लंडला गेला, आणि त्या प्रवासाची रोजनिशी १८४० साली लंडनमध्ये छापली. पुढच्याच वर्षी तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, पहिला हिंदी माणूस. लुईस कैरोत पोचला त्याच्या दोन वर्षं आधी आपल्या मुंबईचा एक माणूस, आगबोटीच्या इंजिनाची विद्या जाणणारा, त्या वाळवंटातून गेला होता. युरोपी चित्रांत प्रवासी म्हटला की तो गोरा आणि वाळवंटातला म्हटला की तो अरब. अर्देशीरला त्या दोन्हींत जागा नाही. मला राग आहे तो या कप्प्यांचा. लुईस या एका माणसाचा नाही.

मामा : हे तू आधी सांगितलं असतंस तर मी इतका वाद घातला नसता. अर्देशीरचं चित्र मलाही पाहायला आवडलं असतं. पण मग माझं एक ऐक. लुईसच्या या चित्रातलं तुला खटकलेलं सगळं तुला कोणी दाखवलं? बाटल्या, पुस्तकं, वर्तमानपत्र, मेलेली जनावरं, गालिचे, आरामात पडलेले कुत्रे. हे लुईसने दाखवलंय. कच्चा चित्रकार असता तर एक पांढरा तंबू, एक लाल सदरा आणि चार उंट काढून मोकळा झाला असता. तुला आक्षेप घ्यायला काही उरलंच नसतं. या माणसाने दोन बोटांच्या वस्तूलाही आकार आणि सावली दिली, म्हणून त्या उमरावाने वाळवंटात किती इंग्लंड वाहून आणलंय ते आज मोजता येतं. आणि हे सगळं उंटावर चढवलं कोणी, उतरवलं कोणी, हा प्रश्नही त्यातूनच येतो.

भाची : हो. हे मी नाकारत नाही. सामानाची ती दाटी हा माझ्या बाजूचा सगळ्यात पक्का पुरावा आहे, आणि तो तुमच्या चित्रकाराने दिला. त्याला ते खटकत होतं की नुसतं रंगवायला आवडत होतं, एवढंच मला कळत नाही.

मामा : रंगवायला आवडतं म्हणूनच माणूस नीट बघतो. आणि त्या कष्टांची किंमत काय होती ते ऐक. त्या वेळी लुईस जलरंग-संस्थेचा अध्यक्ष होता. १८५८ साली त्याने अध्यक्षपद सोडलं आणि तैलरंगाकडे वळला. त्याची तक्रार अशी की जलरंगात मरमर मरून वर्षाला पाचशे पौंड मिळतात, तैलरंगात कमी श्रमांत हजार मिळतील. असलं काम माणसाला पोखरतं. त्या हुसेनच्या अंगरख्याची एक चुणी बघ, आणि मग सांग की हे कोणी हुसेनला हलकं लेखून केलं असेल.

भाची : हलकं लेखलं असं मी म्हटलंच नाही. आदराने काढलेलं चित्रसुद्धा कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी सोयीने लागतं. हा दूरवरचा मठच घ्या. चित्रात तो नुसता गिरिशोभेचा भाग आहे. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधलेला, भिंती किल्ल्यासारख्या. एकोणिसाव्या शतकात त्याचं दार बंद असे. पाहुण्याला दोराला बांधून वर, भिंतीतल्या खिडकीतून ओढून घेत. साधू किती जपून राहत होते ते कळतं. १८४४ साली, म्हणजे या छावणीनंतर दोनच वर्षांनी, टिशेनडॉर्फ नावाचा जर्मन पंडित तिथे पोचला. चौथ्या शतकातल्या ग्रीक बायबलच्या हस्तलिखिताची त्रेचाळीस पानं तो घेऊन गेला. ती आज लाइपझिगला आहेत. १८५९ साली परत आला आणि बाकीचा मोठा भाग रशियाच्या झारसाठी नेला. १९३३ साली सोव्हिएत सरकारने तो एक लाख पौंडांना ब्रिटनला विकला, आणि तो लंडनला गेला. मठवाल्यांचं म्हणणं आजही आहे की ती पोथी उसनी दिली होती, परत यायला हवी होती.

मामा : टिशेनडॉर्फचं पाप लुईसच्या माथी कशाला?

भाची : लुईसच्या माथी नाही. पण वाट एकच आहे. तेच बदू, तेच उंट, तोच दुभाष्या लागतो. एक जण चित्र घेऊन परततो, एक शिकार, एक पोथी. चित्र सगळ्यांत निरुपद्रवी, हे मी मानते. तरी तीन प्रवासी मला एका रांगेत दिसतात.

मामा : चित्र काढल्याने तिथलं काही कमी झालं नाही. हुसेन हुसेनच राहिला. पोथी गेली तशी त्याची सावली कोणी उचलून नेली नाही. हा फरक मोठा आहे, पोरी, आणि तो तू पुसू नकोस.

या फरकावर मी मामांच्या बाजूची आहे. बघून घेणं आणि उचलून नेणं यांना एकाच तराजूत घातलं की उचलून नेणाऱ्यांना फायदा होतो, त्यांचा गुन्हा हलका होतो. ज्यांनी या लुटीला खरा आळा घातला त्यांच्यात एक चित्रकारही होता, हे इथे सांगितलं पाहिजे. उस्मान हमदी बे. तुर्क, पॅरिसमध्ये चित्रकला शिकलेला, शैलीने झेरोमच्या कुळातला. इस्तंबूलच्या शाही संग्रहालयाचा तो प्रमुख झाला आणि त्याच्याच खटपटीने १८८४ साली उस्मानी साम्राज्यातून प्राचीन वस्तू बाहेर नेण्यावर बंदी घालणारा कायदा कडक झाला. त्याच्या चित्रांतही गालिचे, फरशा, पगड्या, मशिदी आहेत. पण त्याची माणसं पुस्तक वाचतात, वाद घालतात, विचारात असतात.

भाची : उस्मान हमदी मला हवाच होता. तो आला की तुम्हाला म्हणता येत नाही की त्या काळी दुसरं काही शक्य नव्हतं.

मामा : मी कधी तसं म्हटलं? आणि आज ही चित्रं जास्त कोण घेतं ते माहीत आहे ना? अरब देशांतले संग्राहक. कतारने तर असा मोठा संग्रहच उभा केलाय. २०१९ साली ब्रिटिश म्युझियमने या चित्रांचं प्रदर्शन केलं ते मलेशियाच्या इस्लामी कला संग्रहालयाबरोबर. ज्यांची चित्रं काढली त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना ती हवीत. त्यांना त्यांत आजोबांचा वेश, त्यांची उंटाची जीनं, त्यांचे गालिचे दिसतात. फोटो काढायला तेव्हा तिथे कोण होतं?

भाची : त्यांना ती हवीत, यात मला आनंदच आहे. फक्त त्यांच्यापैकी कोणी हे लुईसचं चित्र विकत घेतलं तर ते हुसेनसाठी घेईल, कॅसलरेसाठी नाही. येलमध्ये मात्र पाहणाऱ्याला कॅसलरेच आधी सापडतो, कारण त्याच्याबद्दल छापील पुस्तक आहे, घराणं आहे, पत्रं आहेत. हुसेनबद्दल आहे ते परक्या प्रवाशांनी लिहिलेलं.

मामा : मग तूच सांग. तुझ्या हातात असतं तर या चित्राशेजारी काय लिहिलं असतंस?

भाची : आधी हुसेन. तो कोण, त्याची टोळी कोणती, प्रवाशांना नेण्याचा हक्क त्यांच्याकडे कसा होता. मग महमूद. मग कॅसलरेचं पूर्ण नाव, झाकल्याशिवाय. आणि तो करार : उंट, पैसे, हमी. करार लिहिला नाही तर हुसेन तिथे का उभा आहे हेच कळत नाही.

मामा : लिही की. पण शेजारच्या दालनात लिही, किंवा पुस्तकात. चित्राच्या भिंतीवर नको. आधी माणसाने दहा मिनिटं त्या तंबूचा उजेड बघितला पाहिजे, मग हुसेनचा चेहरा. नंतर काय वाचायचं ते वाचू दे.

भाची : मामा, दहा मिनिटं कोणी थांबत नाही. म्हणून भिंतीवरच.